डब्यातला वाटाड्या

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी भाडं सांगायच्या आधी मला जिना कसा चढायचा ते सांगितलं. एका हाताने कठडा धरायचा, दोन्ही हातांत सामान असेल तर एक फेरी जास्त मारायची, आणि पायरीवर उभं राहून मोबाईलवर बोलायचं नाही. मी म्हटलं, "काका, मले फक्त खोली पाहाची आहे."

"पाह्य ना," ते म्हणाले. "पन वर पोचशील तर पाह्यशील न बे."

काका भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला होते. भट्टीच्या पोटात किती ताप आहे ते दाखवणारे मीटर सांभाळायचं त्यांचं काम. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, फक्त ती बातमी त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचवली नव्हती. सकाळचा चहा 'ए शिफ्ट'चा, संध्याकाळचा 'बी शिफ्ट'चा. पाण्याची टाकी धुवायची तर आदल्या दिवशी खालून ओरडून 'शटडाउन' जाहीर व्हायचा. स्वयंपाकघरातल्या कुकरवर त्यांनी प्रेशर गेज बसवलं होतं, कारण शिट्टी ही त्यांच्या मते अफवा होती. काकू त्यांच्यासमोर मीटर बघून कुकर उतरवायच्या आणि त्यांची पाठ फिरली की निमूट शिट्ट्या मोजायच्या. डाळ शिजायची ती शिट्ट्यांनीच, श्रेय मीटरला जायचं.

आणि डबे! काकांचा प्लास्टिकवर काडीचा विश्वास नव्हता. "प्लास्टिक काय वस्तू आहे का? ते पॅकिंग आहे. पॅकिंग फेकाची असते." म्हणून घरातली प्रत्येक नाजूक चीज लोखंडी डब्यात. इन्व्हर्टर डब्यात, टीव्हीचा रिमोट डब्यात, काकूंचं शिवणाचं सामान डब्यात, तेही कडी लावून. दारावरच्या बेलला धूळ लागते म्हणून तीसुद्धा चांगल्या जाड पत्र्याच्या डब्यात बंद केली होती. बेल एकदम सुरक्षित राहिली. तिचा आवाजही आतल्या आत सुरक्षित राहिला. आलेला पाहुणा बटण दाबून दाबून वैतागायचा आणि शेवटी डब्यावरच थापा हाणायचा. मग काका आतून उठत आणि काकूंना अभिमानाने म्हणत, "ऐकलं? किती मोठा आवाज येते!"

मी सिविक सेंटरजवळ एका कार डेकोरच्या दुकानात कामाला होतो. सीट कव्हर, हॉर्न, कॅमेरा, स्क्रीन, जे गिऱ्हाईक म्हणेल ते बसवायचं. काकांच्या लेखी त्यामुळे मी भाडेकरू नव्हतोच, 'कॉन्ट्रॅक्टर' होतो. आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवावी लागते तो.

या घराच्या पोर्चमध्ये एक पिवळी स्पोर्ट्स कार होती. हो, स्पोर्ट्स कार. दोन दरवाजे, दोन सीट, जमिनीला टेकलेली, ताडपत्रीखाली झाकलेली. भिलाईत ज्या कॉलनीत दर घरासमोर एक स्कूटर आणि एक तुळस असते तिथे ही बया कशी आली, तर ती चिरंजीवांची.

काकांच्या एकुलत्या एक मुलाने परीक्षा देऊन प्लांटमध्ये नोकरी मिळवली, पेढे वाटून झाले, आणि मग हा पठ्ठ्या रुजूच झाला नाही. बंगलोरला जाऊन मोबाईलवरचे खेळ बनवायला लागला. काकांनी ते कसंबसं गिळलं. पण एका दिवाळीला तो ही जुनी स्पोर्ट्स कार विकत घेऊन, स्वतः चालवत, बापाला दाखवायला म्हणून थेट घरी आला. काकू ओवाळायचं ताट घेऊन फाटकात. काका खुर्चीतून उठले नाहीत. काकूंना म्हणाले, "त्याले सांग, खेळन्याच्या पैशानं खेळनं घेतलं, चांगलं केलं. आता पोर्चमध्ये माझा स्कूटर राह्यते, हे बाहेर ठेव म्हना."

चिरंजीव तरी काय कमी! बापाचंच रक्त. "आई, बाबांना सांग, गाडी इथंच राहील," म्हणाला, चावी टीव्हीवर ठेवली आणि ट्रेन पकडून चालता झाला.

त्यानंतर चार वर्षं बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. म्हणजे अगदी अबोला नाही हं. दर रविवारी त्याचा फोन यायचा. काकू फोन स्पीकरवर टाकून मधोमध बसायच्या. काका समोरच्या खुर्चीत. "त्याले विचार, जेवला का." फोनमधून आवाज, "बाबांना सांग, जेवलो." "त्याले सांग, सर्दी आहे आवाजात, वाफ घे म्हना." "त्यांना सांग, घेतो." काकू नुसत्या हूं हूं करायच्या, कारण सांगायला काही उरतच नसे. दोघांचं दोघांना ऐकू जायचं. फक्त बोलत कोणी कोणाशी नव्हतं.

आणि दर रविवारी फोन झाल्यावर काका ताडपत्री काढून ती गाडी पुसायचे, दार उघडून, आत न बसता, बाहेरूनच वाकून इंजिन सुरू करायचे आणि घड्याळ लावून उभे राहायचे. मी एकदा विचारलं, "काका, बसून पाहा ना एकदा." म्हणाले, "मी कावून बसू? गाडी त्याची आहे. पन मेंटेनन्स मशीनचा असते, मालकाचा नसते." असा युक्तिवाद समोर आला की माणसाने गपचूप जिना चढावा. कठडा धरून.

मग काकांच्या पुतणीचं लग्न निघालं. साकोलीच्या आत, काकांच्या मूळ गावी. काकूंनी यावेळी जो डाव टाकला त्याला तोड नाही. त्या स्वतः हळदीच्या आधी पोहोचायला हवं म्हणून ट्रेनने पुढे निघणार. मुलगा सुट्टी घेऊन भिलाईला येणार. आणि बापलेक त्या दोन सीटच्या गाडीतून लग्नाला येणार. काका म्हणाले, "मी बसनं येतो." काकू म्हणाल्या, "त्या गाडीतून याल तर या, नाई तर येऊ नका. भावाले मी सांगते, तुमचे दादा डब्यात बंद आहेत म्हनून."

माझ्याजवळ मात्र जिन्यात त्या वेगळंच बोलल्या. "सांगते तुले, या टाइमाले नाई बोलले ना, तर मंग हे मी मेल्यावरच बोलतील. आन् तेव्हा बोलाले मधात कोन राहील रे?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "होईल काकू." काय होईल ते मला कुठे ठाऊक होतं!

त्याच संध्याकाळी काका माझ्या खोलीवर आले. भाडेकरूच्या खोलीत पाऊल टाकायची त्यांची ही पहिलीच वेळ. बसले. पंख्याकडे पाहिलं. पंखा हलतो म्हणाले. मग विचारलं, "तुमच्या दुकानात तो बोलनारा स्क्रीन भेटते का?"

"कोणता बोलणारा?"

"गाडीत राह्यते तो. रस्ता सांगनारा. आवाज मोठा पायजे."

"भेटते. पण काका, साकोलीपर्यंत सरळ हायवे आहे. आणि गाव तुमचंच आहे."

"ते मले माहीत आहे. तू सांग, तो बोलतच राह्यते का मधात थांबते?"

"वळण आलं की बोलते."

काकांनी परत पंख्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "हायवेवर वळन कमी असते न बे."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. या माणसाला रस्ता नको होता. चार तास त्या गाडीत, कोपराला कोपर लावून, मधे काकू नाहीत, आणि कोणीतरी बोलत असलं पाहिजे. कोणीही. भट्टीसमोर आयुष्य काढलेला माणूस पोटच्या पोराशेजारी गप्प बसायला घाबरला होता. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी म्हटलं, "आवाज मोठा करून देतो काका. हिंदी बाई आहे, खूप बोलते."

काम सुरू झालं. आता, त्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये स्क्रीनला जागाच नव्हती. मधला भाग कापून नवीन चौकट बसवावी लागणार होती. दुकानात असं काम आम्ही अर्ध्या दिवसात करतो. काकांच्या देखरेखीखाली त्याचा 'जॉब' झाला. आधी बॅटरीची तार काढून त्यांनी स्टीअरिंगला लाल पाटी टांगली: 'काम चालू आहे, मशीन सुरू करू नये.' सुरू कोण करणार होतं? काकू? मग मला हेल्मेट घालायला लावलं. स्पोर्ट्स कारमध्ये, हेल्मेट! बिना हेल्मेटचं डोकं जिथे छताला घासतं तिथे मी पिवळं हेल्मेट घालून, मान खांद्यात घालून, कासवासारखा बसून डॅशबोर्ड कापत होतो. शेजारची मुलं-माणसं फाटकाशी उभी. काका बाहेरून वाकून ओरडत, "हात दूर! करवत पाह्य! घाई कावून करून राहिला?"

दुकानातून आणलेली प्लास्टिकची चौकट त्यांनी दोन बोटांनी उचलली आणि परत केली. "हे पॅकिंग आहे. वस्तू कोठी आहे?"

वस्तू बनली भिलाईजवळच्या कुम्हारीला. तिथे एका छोट्या वर्कशॉपचा मालक काकांच्या जुन्या ओळखीचा. आम्ही दोघं गाडी घेऊन गेलो. मी चालवत होतो आणि काका मागून स्कूटरवर, कारण गाडीत बसायचं नव्हतं ना. प्रत्येक स्पीड ब्रेकरवर गाडीचं पोट खरडलं की मागून हॉर्न वाजायचा. कुम्हारीला काकांनी त्या स्क्रीनसाठी चांगल्या जाड लोखंडी पत्र्याचा डबा बनवून घेतला. पुढून स्क्रीन दिसेल एवढी खिडकी, बाकी चारी बाजूंनी आणि मागून बंद. वरून प्लांटच्या कंट्रोल रूमला असतो तो करडा रंग. वर्कशॉपवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "भैया, इसमें क्या रखोगे, बम?"

डबा लावून झाला. मागचं झाकण अजून उघडं होतं. मी सुरू केलं तर स्क्रीनने झटक्यात उपग्रह पकडले, नकाशा आला, त्यावर निळा बाण आला, खाली 'कुम्हारी' लिहून आलं. बाई बोलली, "नमस्कार, आपकी यात्रा शुभ हो." काकांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. त्यांनी नारळ फोडला. बाईला.

मग त्यांची नजर अँटेनावर गेली. काडेपेटीएवढी एक चीज, लांब वायरीला लटकलेली. ती काचेजवळ, उघड्यावर चिकटवायची असते.

"हे लटकून कावून राहिलं?"

"काका, ते बाहेरच राह्यते. आकाश दिसलं पाहिजे त्याले."

"आकाश?" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याची पत्रिका काढायला सांगितली. "उघडी वायर मी आयुष्यात सोडली नाई. डब्यात टाक."

"काका, लोखंडात सिग्नल येत नाही."

"माझे मीटर भट्टीच्या समोर डब्यात चालले बे. धूळ, धग, सगळं. तुझा हा काय नवरदेव आहे, त्याले मांडव मोकळा पायजे?"

अँटेना डब्यात गेला. झाकण लागलं. चार मोठे बोल्ट, वॉशरसकट. आम्ही भिलाईला परत आलो, पोर्चमध्ये गाडी लावली, काकांनी बाहेरून वाकून पाहिलं. स्क्रीनवर लिहिलं होतं: कुम्हारी.

"काका, काढू का बाहेर?"

"थांब. मीटर सेटल व्हाले टाइम घेते."

दुसऱ्या दिवशी कुम्हारी. तिसऱ्या दिवशी कुम्हारी. काका रोज सकाळी ए शिफ्टचा चहा घेऊन पाहायचे आणि म्हणायचे, "सेटल होऊन राहिलं." घराबाहेर गाडी काढून पूर्ण कॉलनी फिरवली, सेक्टरमधून चक्कर मारली, बाण ढिम्म. बाई मात्र मधून मधून स्वच्छ आवाजात सांगायची, "जीपीएस सिग्नल नहीं मिल रहा है." काका म्हणायचे, "पाह्य, आवाज किती साफ आहे." पुन्हा विचारलं तर लाल पाटी माझ्या गळ्यात टांगतील म्हणून मी नाद सोडला.

काकू ट्रेनने गेल्या. चिरंजीव आले. उंच, दाढी वाढलेली, बापासारखंच नाक, बापासारखीच ते वर ठेवायची सवय. पोर्चमध्ये येऊन त्याने गाडीचं दार उघडलं आणि तसाच थांबला. मी जिन्यात उभा होतो. त्याची ती नाजूक, कातड्याने मढवलेली, लाडाची गाडी, आणि तिच्या छातीत करड्या रंगाची लोखंडी तिजोरी. मला वाटलं, झालं, आता चारची आठ वर्षं होणार.

तो माझ्याकडे वळला. "भैया, ये बोल्ट किसने लगाए?"

मी काकांकडे पाहिलं. काका टायरची हवा तपासण्यात अतिशय गुंतले होते. टायरकडेच बघत म्हणाले, "त्याले सांग, व्हायब्रेशन होत नाई."

चिरंजीवांनी बोल्टवर बोट फिरवलं. गाडी पुसलेली होती, काच लख्ख होती, इंजिन पहिल्या चावीत सुरू झालं. चार वर्षं उभी राहिलेली गाडी पहिल्या चावीत सुरू होत नाही, हे त्याला कळत असणारच. मग म्हणाला, "इनको बोल दो, इतने में तो पुल बन जाता." आणि आत बसला. काकाही आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत बसले. बसले म्हणजे पडलेच. ती सीट फार खाली असते. कोपऱ्यावरच्या स्पीड ब्रेकरवर पोट खरडून गाडी दिसेनाशी झाली.

दुपारी मी दुकानात एका गिऱ्हाइकाचा हॉर्न बदलत होतो. काकांचा फोन. त्यांचा तो बटणांचा मोबाईल, स्पीकरवर. मागे बाईचा आवाज: "जीपीएस सिग्नल नहीं मिल रहा है."

"हे पाह्य," काका म्हणाले, "साकोली मांगं राह्यली. नवीन पूल झाला, जुना रस्ता बंद आहे. इथं दोन फाटे आहेत. नहराच्या बाजूचा डावा. त्याले सांग, डावा घे."

मी म्हटलं, "कोणाला सांगू?"

"त्याले!"

तो त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला होता. मला दोघांचे श्वास ऐकू येत होते. तेवढ्यात चिरंजीव, "भैया, इनको बोलो, राइट है. मैं मामा के साथ आया था बचपन में, राइट से ही गए थे."

"मोबाईलवर नकाशा पाहा ना!" मी ओरडलो.

"त्याले विचार, त्याच्या मोबाईलमध्ये आहे का."

"नेट नहीं है यहाँ, बोल दो इनको."

"मंग डावा! माझं गाव आहे का त्याचं? विचार त्याले!"

"इनको बोलो, चालीस साल पहले का गाँव है इनका!"

मी भिलाईत, हातात हॉर्न, समोर गिऱ्हाईक, आणि दीडशे किलोमीटरवर दोन शहाणे एका गाडीत बसून एकमेकांना माझ्यामार्फत निरोप पाठवत होते. तिकडे मुहूर्त जवळ येत होता. काकू मांडवाच्या तोंडाशी उभ्या असतील, रस्त्याकडे बघत. मला एकदम भयंकर संताप आला. काकांचा, त्याचा, त्या डब्यातल्या बाईचा. आणि मला जिन्यातलं काकूंचं वाक्य आठवलं, मधात कोण राहील रे. तर मधे आता मी होतो. मेलेलं बरं!

मी म्हटलं, "तुम्ही दोघं एकमेकांना सांगा." आणि फोन कापला.

लगेच पुन्हा वाजला. मी उचलला नाही. परत वाजला. उचलला नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "उठा लो भैया, जरूरी होगा." मी म्हटलं, "जरूरी है, इसीलिए नहीं उठा रहा." मग तो वाजायचा थांबला, आणि तेव्हा मात्र नाही नाही ते डोक्यात यायला लागलं. कुठे नहराच्या पाण्यात तर गेले नाहीत ना? भांडून एकजण उतरून पायी तर निघाला नाही ना? उतरणारा कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. हॉर्न उलटा बसवला, दाबलं की वायपर फिरायला लागले. मालकाने शिव्या घातल्या. खाल्ल्या.

दिवस कलताना काकूंचा फोन आला. मागे बँड, लाउडस्पीकर, पोरांचा गोंगाट.

"काकू, पोचले का?"

"पोचले रे. मंगलाष्टकं सुरू झाल्यावर पोचले. डावीकडून गेले, मंग उजवीकडून गेले, मंग वापस डावीकडे गेले. लय भांडत आले."

"कोणाशी, काकू?"

"एकमेकाशी!" काकू ओरडल्या. "मांडवात आले तरी भांडूनच राह्यले. हे म्हन्तात, 'तुले सांगितलं होतं डावा घे,' तो म्हन्ते, 'बाबा, तुमाले काईच माहीत नाई.' अख्खी वरात पाहून राह्यली. जेवाले बसले तरी बंद नाई. ऐक, ऐक तू!"

त्यांनी फोन पंगतीकडे धरला असावा. बँडच्या वर दोन आवाज चढलेले होते, एक म्हातारा, एक तरणा. काही शब्द कळत नव्हते. मग फोनजवळ काकूंचा आवाज आला, हसता हसता फुटलेला: "मी मधात नाई गेली रे. दूर बसून वाढून राहिली त्याइले."